पान सत्तेचाळीसची दुरुस्ती

आनंदराज गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात बसलिंगप्पानं त्यांना भाजी बाजारात गाठलं. "गुरुजी, लाल शाई वाळू देऊ नका," तो म्हणाला. "माझ्या पुस्तकांची प्रुफं बघा."

बसलिंगप्पा मूळचा उदगीरचा. वडिलांचं भुसाराचं दुकान धाकट्या भावाच्या हवाली करून तो लातुरात आला होता आणि इथं त्यानं 'कोरडवाहू प्रकाशन' काढलं होतं. प्रकाशन म्हणजे क्लासेसच्या गल्लीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, एक टेबल, पुस्तकांचे गठ्ठे आणि तो स्वतः. वर्षाला चार-पाच पुस्तकं निघत, सगळी कवितांची, तीनशे-तीनशे प्रतींची. कादंबरी का काढत नाहीस असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "कादंबरीवाल्याला पुण्याचा रस्ता माहीत असतोय. कविता लिहिणारा निलंग्याच्या स्टँडवरच बसून राहतो. त्याच्याकडं कुणी बघायचं?"

अक्षरजुळणी खालच्याच दुकानात व्हायची. तिथं दिवसभर डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांच्या प्रश्नपत्रिका टाइप होत असत. एकदा एका विरहाच्या कवितेखाली 'वरीलपैकी सर्व' असा पर्याय छापून निघाला होता. तेव्हापासून गुरुजींच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय एकही पान छापायला सोडायचं नाही, असा बसलिंगप्पानं नेम केला होता.

आपल्याला कवितेतलं फारसं कळत नाही, असं गुरुजी स्वतःच सांगत. पण काना-मात्रा कळत होती, आणि बोलीतला शब्द कवीनं कुठं मुद्दाम ठेवलाय नि कुठं तो चुकून पडलाय हेही कळत होतं. 'न्हाई'चं 'नाही' करणाऱ्या टायपिस्टावर ते मनापासून चिडत. सकाळी लुंबिनीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, सरकारी दवाखान्यात ड्यूटीला गेल्या की गुरुजी व्हरांड्यात खुर्ची टाकत, मांडीवर फळी घेत आणि डाव्या हातात लाल पेन धरून बारा वाजेपर्यंत वाचत बसत. गुरुजी डावखुरे होते. लहानपणी त्यासाठी मार खाल्ला होता, पण हात काही बदलला नव्हता.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. बसलिंगप्पानं नव्या संग्रहाची प्रुफं पाठवली. कवयित्रीचं नाव वर्षाराणी. नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणारी, चाळिशीतली बाई, माहेर चाकूरकडचं. पहिलंच पुस्तक होतं, नाव 'मागच्या दारची माती'. अर्पणपत्रिकेत एकच ओळ होती: 'साखराबाई आजीस.'

गुरुजी वाचत गेले. बाईचा हात चांगला होता. करडईच्या काट्यांवर, आईच्या चष्म्यावर, बंद पडलेल्या मोटेच्या विहिरीवर साध्या शब्दांत लिहिलेलं. सेहेचाळीस पानांत त्यांना सातच चुका सापडल्या. मग सत्तेचाळिसावं पान आलं. कवितेचं नाव होतं 'मास्तर'.

माणसं मोजायला आलेला एक मास्तर. डाव्या हातानं लिहिणारा. दारातल्या लिंबाखाली बसून घरातल्या सगळ्यांची नावं लिहून घेणारा. आजी तांब्या-भांडं आणून त्याच्यापुढं ठेवते. आजोबा मास्तरला नाव विचारतात, गाव विचारतात. मग तांब्या उचलला जातो.

मास्तरनं ओंजळ धरली
आजीनं वरून धार सोडली
मोजणीच्या कागदावर
आमचं घर
थेंब थेंब ओलं झालं

गुरुजींनी पेन खाली ठेवलं. फळी बाजूला केली. उठून आत गेले, आणि आत कशाला आलो हे न कळून परत बाहेर आले.

एक्क्याण्णवची जनगणना. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते, नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. फेब्रुवारी संपत आला होता आणि दुपारचं ऊन लई कडक पडत होतं. त्या खेड्यातलं ते घर, तो लिंब, दारात परकर सावरत उभी असलेली सहा वर्षांची पोर. तिचं नाव त्यांनीच लिहिलं होतं. आणि घरातल्या थोरल्या बाईचं नावही: साखराबाई.

चौतीस वर्षांनी ते घर त्यांच्या मांडीवरच्या फळीवर येऊन बसलं होतं.

ही गोष्ट गुरुजींनी आजवर किती वेळा सांगितली असेल याची गणती नव्हती. दरवर्षी चौदा एप्रिलला ज्या गावी नोकरी असेल तिथं त्यांना भाषणाला उभं करत आणि ते जनगणनेचा प्रसंग सांगत. शेवट ठरलेला असे: "मी म्हणालो, मला तहान नाही. कागद गोळा केले, ताठ मानेनं उठलो आणि उन्हात चालता झालो." पोरं टाळ्या वाजवत. मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी येई.

गुरुजींनी पुन्हा पेन उचललं. 'मास्तरनं ओंजळ धरली' या ओळीखाली लाल रेघ ओढली आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: 'येथे तपशील चुकला आहे. मास्तरने पाणी घेतले नव्हते. तो मास्तर मी आहे. आ. ग्या.'

प्रुफं नेऊन दिली तेव्हा बसलिंगप्पानं ते पान वाचलं, लाल रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "गुरुजी, आजवर तुम्ही शब्द दुरुस्त केले. कवितेतली गोष्ट कधी केली न्हाई."

"चुकीचं असल तर करायला नगं?"

"करायला पाहिजे की. मी बाईंना फोटो पाठवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच वर्षाराणीचा फोन आला. आवाज दबलेला होता. "सर, मी काय बोलू मला कळंना गेलंय. मी सहा वर्षांची होते. मला तसंच आठवतं, पण तुमच्यापुढं माझ्या आठवणीचं काय? मी ती कविता बदलते. तुम्हाला मी असं... वाकलेलं दाखवलं, याचंच मला वाईट वाटून राहिलंय."

"तुमची काही चूक न्हाई मॅडम," गुरुजी म्हणाले. "लेकरू होता तुम्ही."

चार दिवसांनी दुरुस्त केलेलं पान आलं.

मास्तरनं ओंजळ धरली नाही
तहान नाही म्हणाला
कागद गोळा करून
ताठ मानेनं
उन्हात चालता झाला

एकही चूक नव्हती. गुरुजींनी पान वाचलं, पुन्हा वाचलं. त्यांचं भाषण कुणीतरी ओळी तोडून लिहून काढावं तसं ते दिसत होतं. घर ओलं झाल्याची ती ओळ गेली होती. ती कुठं ठेवायची हे बाईला कळलं नसणार. पाणी सांडलंच नाही म्हटल्यावर कागद ओला कशानं होणार?

पानाच्या खाली 'बरोबर' लिहून सही करायची एवढंच काम होतं. गुरुजींनी सही केली नाही. पान उशाखालच्या वहीत ठेवलं. बसलिंगप्पाचा फोन आला की ते म्हणत, "बघून राहिलो." आठवडा गेला. चौतीस वर्षं ज्या माणसानं एका वेलांटीसाठी पोरांना उभं केलं, त्याला हे पान पुढं सोडवेना. कारण चूक नसलेलं ते पान खोटं होतं आणि हे जगात एकट्या त्यांनाच माहीत होतं.

शेवटी एका शनिवारी सकाळी त्यांनी नांदेडची एसटी धरली. अहमदपूर, लोहा करत गाडी साडेअकराला पोचली. वर्षाराणीचं कॉलेज स्टँडपासून लांब नव्हतं. शनिवारचं कॉलेज लवकर सुटलेलं, स्टाफरूममध्ये ती एकटीच पेपर तपासत बसली होती. गुरुजींना दारात पाहून ती गडबडून उठली. त्यांनी नाव सांगितलं तेव्हा आणखी गडबडली. शिपायाला चहा सांगितला, खुर्ची पुढं केली.

गुरुजींनी पिशवीतून पान काढून टेबलावर ठेवलं. "मॅडम, दुरुस्ती मागं घ्यायला आलोय."

"म्हणजे?"

"तुम्ही पहिलं लिहिलं होतं तेच बरोबर हाय. मी पाणी पिलो होतो."

वर्षाराणीनं हातातला पेपर बाजूला ठेवला.

"सकाळी सातला निघालो होतो," गुरुजी सांगू लागले. सांगताना ते टेबलाच्या कडेकडं बघत होते. "तेवीस घरं झाली होती. कुणी पाणी विचारलं न्हाई असं न्हाई, पण मला काम उरकायचं होतं. तुमच्या घरी बसलो तवा जिभेला जीभ लागत होती. आजीनं तांब्या पुढं ठेवला. मी हात लावणार, तेवढ्यात आजोबांनी नाव विचारलं. म्हणलो, आनंदराज ग्यानोबा. ते आजीकडं बघितले. आजीनं तांब्या उचलला. माझ्या मनात आलं होतं की उठावं. खरंच आलं होतं. पण हात आधीच पुढं झाले."

चहा आला. शिपाई कप ठेवून गेला. दोघांनीही लगेच कप उचलले नाहीत.

"मग शाळेवर आलो. हेडमास्तर आमच्यातलेच होते. कागद ओला बघून म्हणले, काय झालं? पाणीबिणी दिलं का त्यांनी? मी म्हणलो, वरून वाढत होते, मी घेतलं न्हाई, झटापटीत सांडलं. तोंडातून निघून गेलं बगा. हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग तेच राहिलं. पुढं भाषणात गेलं. सांगता सांगता मलाच तसं दिसाय लागलं होतं. तुमचं पान वाचूस्तोवर."

"सर," वर्षाराणी म्हणाली, "तुम्ही एवढ्या लांब येऊन हे मला कशाला... मला काय अधिकार आहे..."

"अधिकाराचं न्हाई. तुम्ही खरं लिहिलं आणि मी ते खोडायला लावलं. प्रुफ बघणाऱ्यानं असं करायचं नसतं."

तिनं टेबलावरचं पान स्वतःकडं ओढलं. मग हळूच म्हणाली, "मी तुमची माफी मागितली तर चालेल का? आजीच्या वतीनं, आजोबांच्या..."

"माफीचं राहू द्या," गुरुजी म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण तो विषय तिथंच मिटवण्याइतकी धार होती. "त्यांचं त्यांनी मागायचं होतं. तुम्ही कविता पहिल्यासारखी करा."

मग त्यांनी चहाचा कप उचलला, एक घोट घेतला आणि जे सांगायचं ठरवून आले नव्हते ते बोलून गेले.

"एक तुम्हाला आठवत नसंल. तुमच्या आजीनं एकदा ओतलं. मग थांबली आणि म्हणाली, आणखी देऊ का लेकरा? लेकरा म्हणाली. आणि मी हाव म्हणलो."

वर्षाराणीचे डोळे भरून आले. तिचा हात नकळत टेबलावरच्या पेनाकडं गेला. गुरुजींनी ते पाहिलं.

"न्हाई मॅडम. ते लिहू नका. तेवढं माझ्याकडं राहू द्या. वरून ओतणारा हात आणि ते लेकरा म्हणणं, ह्या दोन्हीची सांगड मला अजून लागली न्हाई. लागली तर बघू."

तिनं पेन सोडलं. "नाही लिहिणार," ती म्हणाली, आणि ते खरं वाटावं असं म्हणाली.

त्याच दिवशी चारच्या गाडीनं गुरुजी परतले. लुंबिनीबाई दवाखान्यातून येऊन भाजी निवडत बसल्या होत्या. गुरुजी समोर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. शेवटचं आजीचं बोलणंसुद्धा. लुंबिनीबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली नाही, पण हात संथ झाले.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या.

"काय वाटलं होतं?"

"तुम्ही ती गोष्ट सांगताना दरवेळी तेच शब्द, त्याच जागी. खरं सांगणारा माणूस प्रत्येक वेळी थोडं वेगळं सांगतो. दवाखान्यात मी रोज बघते. जो पडून आलाय तो सांगताना अडखळतो. जिला नवऱ्यानं मारलंय ती एका दमात सांगते की जिन्यावरून पडले."

"मग कधी बोलली न्हाईस ते?"

"तुम्हाला त्या गोष्टीची गरज होती." मेथीचं पान खुडत त्या म्हणाल्या, "आणि पिलात तर पिलात. तहानेल्या माणसाला पाणी लागतं. त्यात तुम्ही कशाला मान खाली घालायची? हात धुऊन घ्या, भाकरी टाकते."

गुरुजी हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांना कडकडून भूक लागली होती.

संग्रह जानेवारीत निघाला. प्रकाशन नांदेडला, एका वाचनालयाच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी. चाळीसेक माणसं जमली होती. बसलिंगप्पानं आग्रह करून गुरुजी आणि लुंबिनीबाई दोघांना आणलं होतं. वर्षाराणीनं आठ कविता वाचल्या. त्यात 'मास्तर' पण होती, पहिल्यासारखी. वाचण्याआधी तिनं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी मान हलवली.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मधल्या रांगेतून एक तरुण उठला. नाव आदर्श, विद्यापीठात संशोधन करतो असं त्यानं सांगितलं. बोलणं नेमकं आणि न घाबरता.

"मॅडम, 'मास्तर' कविता मला खटकली. तुमच्या घरानं जे केलं ते तुम्ही लिहिलंत, ठीक आहे. पण तो मास्तर ओंजळ धरतो. शिकलेला, सरकारी कामावर आलेला माणूस. तो 'नाही' का म्हणत नाही? आमचा माणूस तुमच्या कवितेत यायचा तर वाकूनच यायचा का? तुमचं घर ओलं झालं म्हणता, त्याचं काय झालं?"

वर्षाराणी माईक धरून उभी होती. तिच्याकडं उत्तर नव्हतं असं नाही. पण ते तिचं नव्हतं आणि तिनं ते वापरलं नाही.

दुसऱ्या रांगेतून गुरुजी उठले. त्यांना माईक द्यायला कुणीतरी धावलं, पण चाळीस पोरांच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज त्यांच्याकडं होता.

"हे म्हणतायत ते रास्त हाय," गुरुजी म्हणाले. "मीबी चौतीस वर्षं हेच म्हणत आलो. तो मास्तर मी हाय."

माना वळल्या. आदर्श उभाच होता.

"मी भाषणात सांगायचो की मी पाणी नाकारलं. नाकारलं नव्हतं. पिलो होतो. तहान लागली होती. आता तुम्ही म्हणता, 'न्हाई' का म्हणलो न्हाई. म्हणायला पाहिजे होतं असं मलाबी लई वर्षं वाटलं. पण बाबा, त्या दारात चूक करणारं माणूस कोण होतं? तांब्या उचलला त्यांना कुणी विचारलं न्हाई कधी. पिणाऱ्यालाच विचारतो आपण, मीसुद्धा मलाच विचारत बसलो. माझं काय झालं म्हणता, तर हे झालं."

एवढं बोलून ते खाली बसले. लुंबिनीबाईंनी शेजारून फक्त त्यांच्या पिशवीचा बंद नीट केला. टाळ्या वाजल्या नाहीत, आणि वाजल्या नाहीत हे गुरुजींना बरं वाटलं.

चहाच्या वेळी आदर्श त्यांच्याजवळ आला. "सर, मी या पुस्तकावर लिहिणार होतो. त्या कवितेच्या विरोधात."

"मग लिहा की."

"आता कसं लिहू?"

"मी उभारलो म्हणून तुमचं मत बदलायचं काय कारण? तुम्हाला अजून खटकत असल तर खटकलं म्हणून लिहा. पण अर्धवट लिहू नका. त्याच्यापुढं जाऊन लिहा."

आदर्शचा लेख महिन्याभरानं एका छोट्या नियतकालिकात आला. कवितेवर टीका त्यानं केलीच होती. आजीची धार दिसते, आजोबांचा प्रश्न दिसतो, पण मास्तर त्या घरातून बाहेर पडल्यावर कविता त्याच्यामागं दोन पावलंही जात नाही, असं त्याचं म्हणणं होतं. 'कोरडवाहू'च्या पुस्तकावर कुणीतरी तीन पानं लिहिली याचाच बसलिंगप्पाला इतका आनंद झाला की त्यानं लेखाच्या वीस झेरॉक्स काढून ओळखीच्यांना वाटल्या. वर्षाराणीनं फोन करून सांगितलं की तिला लेख बोचला आणि पटलाही.

गुरुजींनी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना दोन-तीन ठिकाणी पेन्सिलीनं खुणा केल्या. या खेपेला लाल पेन घेतलं नाही. मग आदर्शचा नंबर फिरवला.

"तुमच्या दुसऱ्या परिच्छेदाशी माझं भांडण हाय," ते म्हणाले. "फोनवर व्हायचं न्हाई. लातूरला कधी येता?"

पलीकडं आदर्श हसला. "रविवारी येऊ का, सर?"

"या. जेवायलाच या," गुरुजी म्हणाले आणि लुंबिनीबाईंची रविवारी ड्यूटी आहे की सुट्टी, हे विचारायला आत गेले.